सोडलं काय ते सांग

आमच्या लॅबचा गाळा ज्यांच्या मालकीचा होता, ते काका गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी गेले. वय शहात्तर. न्यूमोनियाचं निमित्त झालं. शेवटच्या आठवड्यात मी त्यांना बघायला गेले तेव्हा वॉर्डातल्या डॉक्टरांनी सांगितलं की फुप्फुसं पार थकली आहेत, पण हार्ट या वयाच्या मानानं छान चाललंय. ऐकून मला बरं वाटेल असं त्यांना वाटलं असावं. मी मान हलवली आणि बाहेर येऊन बाकावर बसले. तीन भावांत असं हृदय एकट्या काकांच्या वाट्याला आलं होतं, आणि त्याचं त्यांना सुख कधी झालं नाही.

माझी त्यांची ओळख नऊ वर्षांपूर्वीची. लॅब टेक्निशियनचा कोर्स संपवून मी नुकती कामाला लागले होते. भिवंडीतून वळ गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर चार गाळे ओळीनं: एक मेडिकल, एक मोबाईल दुरुस्तीचा, एक कायम बंद आणि एक आमची लॅब. मागच्या गल्लीत लूम, कापडाचे यंत्रमाग. खटखट इतकी की सुट्टीच्या दिवशी शांतता कानाला टोचायची. पहिल्या दिवशी साडेसहाला मी शटर उघडायला गेले, तर पायरीवर एक म्हातारे गृहस्थ बसलेले. अर्ध्या बाहीचा पांढरा सदरा, त्याचा खिसा फुगलेला, पायात रबरी चप्पल. बाजूला जुनी स्कूटर. मला वाटलं पेशंट. मेडिकलवाल्यानं लांबूनच खुणावलं, मालक आहेत. दोन गोदामं आणि चार गाळे असलेला माणूस असा दिसेल असं मला वाटलं नव्हतं. मी "शेठ" म्हणाले.

"शेठ न्हाय. काका बोल," ते म्हणाले. मग कुठली म्हणून विचारलं. शेलारची म्हटल्यावर कोणाची म्हणून विचारलं. मी वडलांचं नाव सांगितलं. त्यांनी जरा आठवलं. "कंडक्टरची पोर तू. तुजा बाप म्हातारी पलत येताना दिसली का गाडी थांबवायचा." त्यानंतर जात, गाव, घर यातलं काही त्यांनी कधी काढलं नाही. मला "बाय" म्हणायला लागले ते शेवटपर्यंत.

सदऱ्याच्या त्या खिशात भाजलेले शेंगदाणे असायचे, सालासकट. त्यात चार-पाच बदाम आणि अक्रोडाचे दोन तुकडे. खारवलेले चालत नसत, तळलेले तर मुळीच नाही. खारे दाणे दारूबरोबर खायचे असतात, असं त्यांचं मत. रोज मूठभर, आणि मूठ ज्याची त्याची. मोठ्या हाताच्या माणसाला मोठी, बाईला तिची. चमचा, वाटी, वजनकाटा यांवर त्यांचा विश्वास नव्हता. रक्त देऊन झालं की पेशंटला आम्ही बिस्कीट द्यायचो. काकांना ते आवडायचं नाही. ते बाकावरून उठत, पेशंटची मूठ उघडत आणि त्यात दाणे ठेवत. लूमवर काम करणारी यूपी-बिहारची माणसं बावरून बघायची. "खा लो, दवाई नहीं है, खाना है," काका सांगायचे.

स्वतःचं रक्त ते तीन महिन्यांनी एकदा तपासून घेत. आधी दर महिन्याला येत होते. आमच्या डॉक्टर मॅडमनी, म्हणजे लॅब ज्यांची होती त्यांनी, इतक्या घाईनं काही कळत नाही असं सांगून सांगून तीन महिन्यांवर आणलं. तपासणीच्या दिवशी काका चहा न घेता येणार. खिडकीजवळच्याच खुर्चीवर बसणार. डावा हात. आधी दहा मिनिटं गप्प. सुई टोचताना बाकीचे लोक तोंड फिरवतात, हे ट्यूब भरेपर्यंत बघत राहायचे. एकदा मी विचारलं, भीती वाटत नाही का. तर म्हणाले, आपलंच रक्त, त्याला काय भ्यायचं.

त्यांचं एक वाक्य त्या चारही गाळ्यांना पाठ झालं होतं. कोणी म्हणालं, काका, मी पण रोज बदाम खातो, की ते विचारत, "बरा. मंग सोडलास काय?" मोबाईलवाला बदाम साजूक तुपाच्या शिऱ्यात घालून खायचा. मेडिकलवाला संध्याकाळच्या वड्यांनंतर खायचा. काका दोघांकडे सारख्याच दुःखानं बघत. हे वाक्य त्यांना मॅडमकडून मिळालं होतं. दाण्यातलं, बदामातलं तेल चांगल्या जातीचं असतं, ते फरसाणाच्या आणि चरबीच्या जागी आलं तर वाईट कोलेस्टेरॉल थोडं उतरतं. आहे त्यावर भर म्हणून खाल्लं तर नुसतं पोट वाढतं. मॅडम "थोडं" या शब्दावर जोर देत. काका "जागी" या शब्दावर देत.

एकदा त्यांच्या हातून घोळ झाला. उपाशीपोटी तपासणीला आलेल्या एका लूम कामगाराच्या हातात त्यांनी रक्त देण्याआधीच दाणे ठेवले, आणि त्यानं भुकेपोटी ते खाऊन टाकले. त्याची शुगरही बघायची होती. नमुना घेता येईना. तो रात्रपाळी करून आलेला, दुसऱ्या दिवशी परत कधी येणार. काकांनी त्याची खोली कुठे आहे ते विचारून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे स्कूटर घेऊन त्याच्या दारात गेले. मागे बसवून लॅबवर आणलं, परत सोडलं. चूक झाली की ती निस्तरल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे.

हे सगळं वेड त्यांना कुठून लागलं ते मला हळूहळू कळलं, त्यांच्याकडून थोडं, मेडिकलवाल्याकडून थोडं. तीन भाऊ. वळ गावात भाताची शेती. तिघंही चिखलात उभे राहून लावणी केलेले, खाडीवर मासे धरलेले. मग शेतांवर गोदामं उभी राहिली आणि तिघांच्या हातचं काम गेलं. पैसा आला, गाडी आली, रोज कुणाकडे तरी हळद, कुणाकडे साखरपुडा, मटण आणि बसणं. थोरला भाऊ पन्नाशी गाठायच्या आत गेला. गाडीत बसला होता, ड्रायव्हर मागे वळून काहीतरी विचारतोय तर उत्तर नाही. नांगर धरलेला माणूस गादीवर बसून मेला, असं काका सांगायचे. त्यानंतर काही वर्षांनी धाकट्याला छातीत कळ आली. ठाण्याला नेऊन त्याच्या हृदयाच्या नळीत जाळी बसवली आणि कोलेस्टेरॉलची कायमची गोळी लावली. तेव्हा काकांनीही तपासून घेतलं. त्यांचं वाईट कोलेस्टेरॉल एकशे एकसष्ट निघालं. डॉक्टरांनी, घरचा इतिहास बघता, गोळी सुचवली. काकांनी तीन महिने मागून घेतले. फरसाण बंद केलं, रविवारचं मटण महिन्यावर आणलं, हळदीची आमंत्रणं टाळली, चालायला लागले आणि खिसा दाण्यांनी भरला. तीन महिन्यांनी एकशे अठ्ठेचाळीस. डॉक्टर म्हणाले, ठीक आहे, तुम्हाला सध्या असंच चालू ठेवू.

त्या "तुम्हाला" कडे काकांचं लक्ष गेलं नाही.

धाकटा भाऊ त्यांच्याहून बराच लहान, मी पाहिला तेव्हा अठ्ठावन्नचा. गडी उंचापुरा, हसरा, गावात कुठलंही कार्य असलं की माईक याच्या हातात. काकांना सगळे घाबरून असत, हा एकटा त्यांच्या खिशात हात घालून दाणे काढायचा. काकांचा जीव त्याच्यावर. काकांची बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं. धाकट्याच्या घरातच त्यांचं जेवण व्हायचं.

मी कामाला लागून तीनेक वर्षं झाली असतील. काकांचा नेहमीचा रिपोर्ट आला होता, एकशे पंचेचाळीस. धाकटा भाऊ त्यांना न्यायला गाडी घेऊन आला होता. दोघं बाकावर बसले. मी टेबलाशी ट्यूबवर नावं लिहीत होते.

"दादा, तुजा गोळी न खाता एवढा उतरला?"

"उतरला."

"मंग मी ती कशाला खातंय? रातभर पोटऱ्या दुकतान माज्या. झोप न्हाय."

काकांनी खिशात हात घातला. भावाचा हात उघडून त्यात सगळे दाणे ओतले. "सोड मंग. तीन महिने हे खा, फरसाण सोड, गोळी सोड. न्हाय उतरला तर बगू."

माझं पेन थांबलं. जाळी बसवलेल्या माणसाची ही गोळी अशी सोडायची नसते हे मला शिकवलं होतं. पाय दुखत असतील तर डॉक्टरांना सांगायचं, ते मात्रा बदलतात, दुसरी देतात. ओठांवर आलं होतं. पण दोघं वडीलधारे, त्यातले एक गाळ्याचे मालक, बाहेर सहा माणसं उपाशी खोळंबलेली, आणि मॅडम अकराशिवाय येत नसत. मॅडम आल्या की त्यांच्या कानावर घालू, असं ठरवलं. त्या दिवशी गर्दी फार होती. मी विसरले, असं पुढे बरेच दिवस मी स्वतःला सांगत होते.

धाकट्यानं ते मनापासून केलं. हे मला नंतर कळलं. काका रोज सकाळी त्याच्या दारावर मूठ पोचवायचे, आणि त्यानं खरोखर फरसाण सोडलं, हळदीला जाऊन नुसता भात खाऊन परत यायला लागला. पोटऱ्या दुखायच्या थांबल्या. काका तेव्हा इतके खुशीत होते की माझ्यासाठी अक्रोडाची पिशवी घेऊन आले, वडलांना दे म्हणून. माझे वडील ब्लडप्रेशरची आणि कोलेस्टेरॉलची, अशा दोन गोळ्या घेत. त्यांनाही सांग, म्हणाले, आमच्या धाकल्यानं सोडली, तुज्या बापाला पण सोडता येल. मी पिशवी नेऊन दिली. निरोप दिला नाही.

जानेवारीत एका शनिवारी धाकटा एकटाच आला. फक्त कोलेस्टेरॉल बघ म्हणाला. आकडा आला तेव्हा मी मशीन परत लावलं. वाईट कोलेस्टेरॉल दोनशेच्या कितीतरी वर. गोळी चालू असताना ते याच्या निम्म्याहून कमी असायचं. मी त्याला आत बोलावलं आणि सांगितलं की आजच डॉक्टरांना दाखवा, गोळी आजच सुरू करा. त्यानं कागद बराच वेळ हातात धरला. मी विचारलं, खाण्यात काही जास्त झालं का. नाही म्हणाला. आणि तो खोटं बोलत नव्हता.

"गावच्या मॅची चालू हायत, त्या उरकल्या की जातो," तो म्हणाला. मग कागदाची घडी करून खिशात घातली. "दादाला बोलू नको, बाय. शेतं गेल्यापासून त्याचा त्वांड असा खुललेला कदी पायला न्हवता. मीच सांगन, माज्या टायमाला."

आकडा मी मॅडमना दाखवला. त्यांनी दुसऱ्या दिवशी त्याला स्वतः फोन केला. तो हो हो म्हणाला.

गोदामांच्या मागे एक शेत अजून मोकळं होतं. भात कापला की तिथं टेनिस बॉलच्या मॅची व्हायच्या, मंडप, स्पीकर, ट्रॉफ्या सगळं. आठ-नऊ दिवसांनी, अंतिम सामन्याच्या दुपारी, धाकटा माईकवर बोलता बोलता खाली बसला. लोकांना वाटलं, गंमत करतोय. मेडिकलवाल्यानं मला हे सांगितलं तेव्हा मी सुई बदलत होते. मी ती तशीच ट्रेमध्ये ठेवली आणि आत जाऊन नळ सोडून उभी राहिले.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी काका पायरीवर होते. खिसा सपाट. मी शटर उघडलं, ते आत आले, खिडकीजवळच्या खुर्चीवर बसले आणि घडी केलेला एक कागद माझ्या टेबलावर ठेवला. भावाच्या गाडीत सापडला होता. खाली माझी सही होती.

"मला का न्हाय सांगितलास?"

मी सांगितलं. पेशंटचा रिपोर्ट दुसऱ्याला सांगता येत नाही हे सांगितलं, आणि तो काय म्हणाला होता तेही सांगितलं, शब्द न शब्द. काका ऐकत होते.  मग त्यांनी विचारलं, "मी त्याला सोड बोल्लो, तवा तू हितंच व्हतीस ना?"

"होते."

"तुला म्हाईत व्हता, सोडायची न्हाय?"

"माहीत होतं, काका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर मला सोपं गेलं असतं. "मंग आपून दोघं," ते म्हणाले, आणि उठून बाहेर पायरीवर जाऊन बसले. मॅडम येईपर्यंत उन्हात तसेच बसून होते.

मॅडमनी त्यांना आत बसवून सगळं समजावलं. काही घराण्यांत हे जन्मापासूनच असतं. खाण्यानं चढलेलं नसतं, शरीरच ते बाहेर टाकू शकत नाही. आईबापांपैकी एकाकडून येतं. एखाद्या मुलात उतरतं, एखाद्यात नाही. ज्याच्यात उतरलं त्यानं दाणे खाल्ले, फरसाण सोडलं, तर थोडं कमी होतं, पण त्याला तेवढ्यानं पुरत नाही. त्याला गोळी लागतेच, आणि ज्याच्या हृदयात जाळी बसलीय त्याला तर ती सोडताच येत नाही.

"मंग माजा कसा उतरला?"

"तुमच्यात ते आलंच नसावं, काका. तीन भावांत तुम्ही सुटलात. म्हणून तुमचं तुम्हाला पुरलं."

सुटलात हा शब्द मॅडमनी चांगल्या मनानं वापरला. काकांनी तो पुटपुटून पाहिला. मला त्या वेळी त्यांच्याकडे बघवलं नाही.

त्यानंतर महिनाभर ते गावोगाव फिरत होते. ज्यांना ज्यांना त्यांनी दाणे देऊन गोळीबद्दल काही म्हटलं होतं, त्या प्रत्येकाच्या घरी. वळमध्ये सगळी घरं, मग इकडची दुकानं, मग लूमवरच्या खोल्या. स्कूटर लावायची, दारात उभं राहायचं, आणि सांगायचं की मी चुकीचा बोल्लो व्हतो, दाणे खा, पण डॉक्टरांना न इचारता गोळी सोडू नका. माझा धाकला त्यानं गेला. हे शेवटचं वाक्यही ते सांगायचे. लोकांना ते ऐकवत नसे. कोणी त्यांना बसा म्हणे, कोणी दार लोटून घेई. मेडिकलवाला मला म्हणाला, म्हाताऱ्याला आवर घाला, डोक्यावर परिणाम होईल. आवर कोण घालणार होतं.

एका रविवारी ते शेलारला आमच्या घरी आले. वडलांनी चांगली खुर्ची पुढे केली, आईनं चहा टाकला. चहा यायच्या आतच काकांनी खुर्चीच्या टोकावर बसून तेच सांगितलं, अक्रोडाची पिशवी धाडली व्हती त्याबरोबर मी गोळी सोडायचा निरोप दिला व्हता, त्यो परत घ्यायला आलो. वडलांनी माझ्याकडे पाहिलं. निरोप त्यांना पोचलाच नव्हता.

वडील साधे माणूस. त्यांना वाटलं, हलकं करावं. ते म्हणाले, अहो, अक्रोड मी आवडीनं खाल्ले. पण गोळी कशाला सोडेन? डॉक्टरांनी दिलेली गोळी कोण कोणाच्या सांगण्यावरून सोडतं?

काकांनी चहाचा कप हातात घेतला, पण प्यायले नाहीत. "सगलीकडं ह्येच आयकतंय," ते म्हणाले. "एवढी घरं झाली. कोणीच सोडली न्हवती. माजं आयकणारा एकच व्हता."

वडलांना आपण काय बोललो ते तेव्हा उमगलं. त्यांनी काकांच्या गुडघ्यावर हात ठेवला. काकांनी तो ठेवू दिला. मग सावकाश चहा संपवला आणि गेले.

मॅडमनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, भावांच्या मुलांचं रक्त तपासून घ्या. थोरल्याची मुलं कल्याणला, त्यांनी तपासलं आणि दोघांपैकी एकाची गोळी सुरू झाली. धाकट्याची एकच मुलगी, चोवीस वर्षांची, वळमध्येच एका गोदामाच्या ऑफिसात कामाला. पण तिच्या आईनं काकांना घर बंद केलं होतं. नवरा गोळी सोडतोय म्हणून ती त्याच्याशी भांडली होती, आणि त्यानं तिला प्रत्येक वेळी एकच सांगितलं होतं, दादा सांगतो. जेवायचं ताट बंद झालं. काका हातानं भात शिजवून खायला लागले. रोज सकाळी ते भावाच्या ओट्यावर जाऊन बसत. दार उघडत नसे. आतून भांड्यांचा आवाज यायचा. ते बाहेरूनच सांगत, पोरीचा रक्त तपासून घे, आणि थोडा वेळ बसून निघून येत. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. गावात सगळ्यांना दिसत होतं.

दीड महिन्यानं, एका सोमवारी, ती मुलीला घेऊन लॅबवर आली. काका पायरीवर होते. ते उठून बाजूला झाले. ती त्यांच्याकडे न बघता आत गेली. मुलगी मात्र दारात क्षणभर थांबली. मी रक्त घेतलं. बापासारखीच जाड, चटकन सापडणारी शीर. दुसऱ्या दिवशी दोघी रिपोर्टला आल्या. आकडा बापासारखाच होता.

आई खुर्चीत बसून रिपोर्टच्या कागदाकडे बघत होती. मॅडम मुलीला समजावत होत्या. घाबरायचं कारण नाही, तुला लवकर कळलं, बाबांना कळलं तोवर उशीर झाला होता. हृदयाच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी देते, रोज रात्री एक गोळी, मधे मधे तपासणी, बाकी आयुष्य सगळ्यांसारखं. लग्न झालं आणि मूल हवं असेल तेव्हा आधी मला नाहीतर डॉक्टरांना सांगायचं, मनानं काही करायचं नाही.

तेव्हा आई म्हणाली, "दादांना आत बोलवा."

काका आले आणि दाराशीच उभे राहिले. मुलीनं त्यांच्याकडे वळून विचारलं, "मोठे बाबा, मी दाणे-बदाम खाऊ का? पप्पा खायचे तसे?"

मला माहीत आहे, याच प्रश्नावर ते एके काळी अर्धा तास बोलले असते.  "मला नको इचारू, पोरी," ते म्हणाले. "मॅडमला इचार."

तिनं मॅडमना विचारलं. मॅडम म्हणाल्या, खा, जरूर खा. गोळीबरोबर खा.

निघताना आई काकांपाशी थांबली. चेहरा तसाच दगडासारखा. तिनं त्यांना सांगितलं, हिनं गोळी घेतली का न्हाय ते रोज संध्याकाळी तुमी येऊन इचारायचं. मी इचारनार न्हाय. तुमी इचारायचं. काकांनी मान डोलावली. त्या दोघांमधलं एवढंच बोलणं मी ऐकलं. ताट परत सुरू झालं की नाही मला ठाऊक नाही, पण संध्याकाळी आठच्या सुमाराला काकांची स्कूटर भावाच्या घरासमोर लागलेली असे, आणि पाच-दहा मिनिटांत परत निघे, असं मेडिकलवाला सांगायचा. दोन वर्षांनी पोरीचं लग्न होऊन ती बदलापूरला गेली, तेव्हा ते फोन करायला लागले. जावयानं आधी चेष्टा केली, मग बायकोनं सगळं सांगितल्यावर थांबवली.

तिनं मूल हवं असं ठरवलं तेव्हा डॉक्टरांनी गोळी थांबवायला सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळी काका पायरीवर. वय झालं होतं, स्कूटर सुटली होती, रिक्षानं आले होते. पोरीला गोळी सोड बोल्लेत, म्हणाले, मला खरा वाटत न्हाय. मी मॅडमना फोन लावून दिला. मॅडमनी सांगितलं, बरोबर आहे, गरोदरपणात आणि बाळ अंगावर पितंय तोवर नको, डॉक्टरांच्या देखरेखीखाली आहे ती. काकांनी तेच तीन वेळा विचारलं. मग फोन माझ्या हातात दिला. मंग चालू कदी करायची, त्यांनी मला विचारलं, आणि ते डॉक्टर सांगतील म्हटल्यावर उठून रिक्षा बघायला गेले. ते जवळजवळ दीड वर्षं त्यांनी कसं काढलं असेल, देव जाणे. दर आठवड्याला तिला फोन करत, पण गोळीचं नाव काढत नसत. बाळाचं विचारत.

मग एका दुपारी, मी लॅब बंद करायच्या बेतात असताना, ते बाकावर बसले होते आणि त्यांचा फोन वाजला. पलीकडून ती बोलत होती. बाळाचं अंगावरचं सुटलं होतं, डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती, आज रात्रीपासून गोळी परत सुरू. आवाज मलाही ऐकू येत होता. काका "बरा" म्हणाले. तिनं आणखी काही विचारलं, त्यावरही "बरा" म्हणाले. मग तिकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. मी पिशवी खांद्याला लावून उभी होते. काका फोन कानाशी तसाच धरून बसून राहिले, आणि मी शटरला हात लावला नाही.